चार सर्व्हर, दोन बहुमतं: राफ्टच्या सदस्यबदलातली चूक आणि तिचं मॉडेल

डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये राफ्ट हा अल्गोरिदम मांडला. अनेक सर्व्हरांनी एकच लॉग (नोंदींची वही) एकाच क्रमाने जपावा, निम्म्याहून कमी सर्व्हर बंद पडले तरी काम चालू राहावं आणि एकदा पक्की झालेली नोंद कधीही बदलू नये, एवढंच त्याचं काम. समजायला सोपा असावा या हेतूने तो रचला होता, म्हणून तो झपाट्याने पसरला. त्याच्या गाभ्याचं टीएलए प्लस या गणिती वर्णनभाषेत सुमारे ४०० ओळींचं औपचारिक वर्णन होतं. एका मुख्य गुणधर्माची सिद्धताही यंत्राने तपासलेली होती, मात्र ती ज्या इन्व्हेरियंटवर (कायम खरी राहायला हवीत अशी विधानं) उभी होती ते सगळे यंत्राने तपासलेले नव्हते.

त्या वर्णनात एक भाग नव्हता: चालू क्लस्टरमध्ये, म्हणजे सर्व्हरांच्या गटात, सर्व्हर वाढवणं किंवा कमी करणं. मूळ शोधनिबंधात यासाठी 'जॉइंट कन्सेन्सस' ही दोन टप्प्यांची पद्धत होती. ओंगारो यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधात तिच्या जागी एक सुटसुटीत पद्धत आली, ती म्हणजे एका वेळी एकच सर्व्हर वाढवायचा किंवा काढायचा. जुलै २०१५ मध्ये या सुटसुटीत पद्धतीत गंभीर चूक असल्याचं खुद्द ओंगारो यांनीच जाहीर केलं. कमिट, म्हणजे पक्की, झालेली नोंद पुसली जाऊ शकत होती. ही चूक हाती लागली तीही सदस्यबदलाचं औपचारिक वर्णन लिहिण्याच्या प्रयत्नातच.

पद्धत काय होती

राफ्टमध्ये काळ टर्ममध्ये, म्हणजे क्रमांक दिलेल्या कालखंडांत, विभागलेला असतो. एका टर्ममध्ये जास्तीत जास्त एक लीडर, म्हणजे नोंदी टाकून इतरांकडे पाठवणारा सर्व्हर. लीडर व्हायला बहुमत लागतं, आणि मत देणारा सर्व्हर आधी उमेदवाराचा लॉग स्वतःच्या लॉगशी ताडून पाहतो. ज्याच्या शेवटच्या नोंदीची टर्म मोठी त्याचा लॉग ताजा. टर्म सारखी असेल तर ज्याचा लॉग लांब तो ताजा. उमेदवाराचा लॉग आपल्यापेक्षा शिळा दिसला तर मत नाही. लीडरने आपल्याच टर्ममधली नोंद बहुमताच्या सर्व्हरांवर पोहोचवली की ती कमिट झाली.

क्लस्टरमध्ये कोण कोण आहे ही माहितीसुद्धा लॉगमधली एक नोंदच असते. इथे एक बारकावा आहे आणि पुढचं सगळं प्रकरण त्यावर फिरतं. सदस्ययादीची नोंद लॉगमध्ये आली की लगेच लागू होते, कमिट होण्याची वाट पाहत नाही. प्रत्येक सर्व्हर आपल्या लॉगमधली शेवटची यादी धरून बहुमत मोजतो.

एका वेळी एकच बदल का, याचं कारण साध्या अंकगणितात आहे. जुनी यादी आणि नवी यादी यांत एकाचाच फरक असेल, तर जुन्यातलं कुठलंही बहुमत आणि नव्यातलं कुठलंही बहुमत यांत निदान एक सर्व्हर समान असतोच. चार सर्व्हरांचं बहुमत तीन, पाचांचंही तीन. तीन आणि तीन मिळून सहा, पण सर्व्हर एकूण पाचच, त्यामुळे एक तरी दोन्हीकडे येणारच. तो समान सर्व्हर दोन्ही बाजूंना परस्परविरोधी निर्णय होऊ देत नाही. शिवाय एक अट होती: आधीचा सदस्यबदल कमिट झाल्याशिवाय लीडरने पुढचा सुरू करायचा नाही.

हा युक्तिवाद वाचताना कुठेही खटकत नाही. तो खराही आहे, फक्त तो लागोपाठच्या दोन यादींबद्दल आहे. एकाच यादीतून फुटलेल्या दोन फांद्यांबद्दल तो काहीच सांगत नाही.

घटनाक्रम

क, ख, ग आणि घ असे चार सर्व्हर घेऊ. चौघांच्याही लॉगमध्ये पहिल्या जागी मूळ यादी आहे. टर्म १ मध्ये क लीडर आहे.

क ला पाचवा सर्व्हर च आत घ्यायचा आहे. तो आपल्या लॉगच्या दुसऱ्या जागी 'क, ख, ग, घ, च' ही वाढीव यादी टाकतो. ही नोंद फक्त च पर्यंत पोहोचते आणि तेवढ्यात क चा बाकीच्यांशी संपर्क तुटतो. पाचांपैकी दोघांकडेच नोंद आहे, म्हणजे ती कमिट झालेली नाही.

ख चा टाइमआउट होतो, म्हणजे लीडरची वाट पाहण्याची मुदत संपते, आणि तो टर्म २ साठी उभा राहतो. त्याच्याकडे मूळ यादीच आहे, म्हणून त्याला चारांपैकी तीन मतं हवीत. ख, ग आणि घ ही तीन मतं मिळतात आणि ख लीडर होतो. वाढीव यादी कधी निघाली होती हे त्याला ठाऊकच नाही. त्याच्या लॉगमध्ये अर्धवट राहिलेला बदल दिसत नाही, त्यामुळे 'आधीचा बदल कमिट झालेला असावा' ही अट त्याच्या दृष्टीने पूर्ण झालेली असते. अट अपुरी पडली ती इथे. ती लीडरच्या स्वतःच्या लॉगपुरतं पाहते, आणि धोका दुसऱ्याच्या लॉगमध्ये पडून असतो.

क प्रतिसाद देत नाही, तेव्हा ख त्याला काढायचं ठरवतो. लॉगच्या दुसऱ्या जागी, टर्म २ मध्ये, तो 'ख, ग, घ' ही घटलेली यादी टाकतो आणि ती ग कडे पोहोचते. यादी लगेच लागू झाल्यामुळे आता तिघांचं बहुमत दोन. ख आणि ग मिळून दोन होतात, नोंद कमिट. यानंतर ग्राहकाकडून एक लेखन येतं, तेही तिसऱ्या जागी ख आणि ग वर जातं, कमिट होतं आणि ग्राहकाला 'झालं' असं उत्तर मिळतं.

मग क चा संपर्क पूर्ववत होतो, निदान घ आणि च यांच्याशी. घ आणि ख मधला दुवा मात्र आता तुटलेला आहे. क टर्म ३ साठी उभा राहतो. त्याच्या लॉगमधली शेवटची यादी वाढीव, म्हणून त्याला पाचांपैकी तीन मतं हवीत. च मत देतो. घ स्वतःचा लॉग पाहतो, तर त्याच्याकडे फक्त पहिली नोंद आहे. ख ची घटलेली यादी त्याच्यापर्यंत आलेलीच नव्हती. क चा लॉग त्याच्यापेक्षा लांब आहे, तेव्हा घ सुद्धा मत देतो. स्वतःचं धरून क ची तीन मतं झाली आणि क लीडर झाला.

आता क आपला लॉग घ आणि च कडे पाठवतो, टर्म ३ ची एक नोंद जोडतो, आणि पाचांपैकी तिघांवर ती पोहोचताच मागच्या वाढीव यादीसकट सगळं कमिट होतं. लॉगच्या दुसऱ्या जागी आता दोन वेगवेगळ्या नोंदी 'पक्क्या' आहेत: ख आणि ग कडे घटलेली यादी, क, घ आणि च कडे वाढीव. संपर्क तुटलेलाच राहिला तर दोन लीडर समांतर लेखन स्वीकारत राहतात. संपर्क जुळला तर क ची टर्म मोठी असल्यामुळे तो ख आणि ग चा लॉग दुसऱ्या जागेपासून पुसून स्वतःचा भरतो, आणि 'झालं' असं सांगितलेलं ग्राहकाचं लेखन नाहीसं होतं.

या क्रमात कुठल्याही सर्व्हरने नियम मोडलेला नाही. डिस्क खराब झालेली नाही, घड्याळ चुकलेलं नाही, कुणी खोटा संदेश पाठवलेला नाही. ताज्या लीडरचा संदेश नुकताच आला असेल तर मतमागणीकडे दुर्लक्ष करायचं, असं एक संरक्षण प्रबंधात आहे. तेही इथे उपयोगी पडत नाही, कारण घ ला ख कडून काही येतच नव्हतं.

चारच का

वाढीव यादीतलं बहुमत (क, घ, च) आणि घटलेल्या यादीतलं बहुमत (ख, ग) यांत समान कुणीच नाही. मूळ यादीशी दोघींचाही फरक एकेकाचा, पण एकमेकींशी दोनाचा.

हे नेहमीच होतं का? मूळ यादीत सम संख्या असेल, समजा २म, तर दोन वेगवेगळे सर्व्हर जोडून दोन फांद्या फुटल्या की प्रत्येकीत २म+१ सदस्य आणि बहुमत म+१. दोन्ही बहुमतं मिळून २म+२, आणि दोन्ही फांद्यांतले सर्व्हर एकूण तेवढेच. म्हणजे बहुमतं पूर्णपणे वेगळी असू शकतात. एक वाढवला आणि एक काढला, किंवा दोन्हीकडे एकेक काढला, तरी बेरीज अशीच नेमकी एकूण संख्येवर येऊन थांबते.

मूळ संख्या विषम, म्हणजे २म+१ असेल तर तसं होत नाही. दोन्हीकडे वाढवलं तर बहुमत म+२, बेरीज २म+४ आणि सर्व्हर २म+३, म्हणजे एक तरी समान. दोन्हीकडे काढलं तर बेरीज २म+२ आणि सर्व्हर २म+१. एक वाढवला, एक काढला तर २म+३ विरुद्ध २म+२. तिन्ही वेळा एकाने तरी ओव्हरलॅप उरतो.

'आम्ही तीन किंवा पाच सर्व्हरच चालवतो, आम्हाला काय त्याचं' असं यावर वाटू शकतं. पण एका वेळी एक या पद्धतीने तिनांवरून पाचांवर जायचं तर चारांवरूनच जावं लागतं. पाचांपैकी एक खराब सर्व्हर काढून दुसरा आणायचा तरीही मध्ये चार. जिथे देखभाल चालू असते, म्हणजे जिथे सर्व्हर तुटण्याचा संभव सगळ्यात जास्त, नेमकी तीच स्थिती धोक्याची आहे.

दोन सर्व्हरांचं काय? संख्या सम आहे, पण तिथे निवडणूकच आड येते. दोघांपैकी एकाला लीडर व्हायचं तर दुसऱ्याचं मत लागणारच, आणि ज्या जुन्या लीडरच्या लॉगमध्ये अर्धवट यादी पडून आहे त्याचाच लॉग ताजा, तेव्हा तो मत देत नाही. म्हणून चार ही सगळ्यात लहान संख्या.

मॉडेलमध्ये हे कसं पकडायचं

या चुकीसाठी अवस्था आणि संक्रमण यांवर उभं असलेलं मॉडेल सोयीचं. प्रक्रियांच्या संवादावर भर देणाऱ्या सीएसपीसारख्या भाषेतही ते लिहिता येईल, पण इथे गोंधळ संदेशांच्या क्रमात कमी आणि लॉगच्या आशयात जास्त आहे. सगळ्या सर्व्हरांचे लॉग एकाच वेळी समोर ठेवून 'हे चित्र कधीच दिसता कामा नये' असं लिहिता आलं पाहिजे. टीएलए प्लसमध्ये ते थेट लिहिता येतं, म्हणून आमची पसंती त्याला.

प्रत्येक सर्व्हरसाठी चालू टर्म, भूमिका, दिलेलं मत, लॉग आणि कमिटची सीमा (लॉग कुठवर कमिट झाला) ही चलं पुरतात. सदस्ययादीसाठी वेगळं चल ठेवू नका. ती 'माझ्या लॉगमधली शेवटची यादी' अशी लॉगमधूनच काढा. वेगळं चल ठेवलं तर ते आणि लॉग यांत तफावत पडण्याची जागा तयार होते. मग मॉडेल चेकर (मॉडेलच्या शक्य त्या सगळ्या अवस्था तपासणारा प्रोग्राम) जी चूक दाखवतो ती अल्गोरिदमची नसून तुमच्या लिखाणाची असते, आणि ते ओळखण्यात दिवस जातो. त्याखेरीज एक इतिहासचल हवं: आजवर कुठल्याही लीडरने कमिट ठरवलेल्या नोंदींचा संच. प्रत्यक्ष सर्व्हर हे चल कधी वाचत नाही, ते फक्त तपासणीसाठी असतं.

क्रिया मोजक्या ठेवा. पहिल्या मॉडेलमध्ये मतमागणी आणि मताचं उत्तर यांचे सुटे संदेश लिहू नका. 'हा सर्व्हर, मतदारांच्या या संचाच्या जोरावर, या टर्मचा लीडर झाला' ही एकच अविभाज्य क्रिया लिहा. संच कुठलाही चालेल, अट एवढीच की तो उमेदवाराच्या यादीनुसार बहुमत असावा आणि प्रत्येक मतदाराने टर्म आणि लॉगची कसोटी लावलेली असावी. नोंदीची प्रत पाठवणंही असंच एका क्रियेत. संदेश हरवणं म्हणजे ती क्रिया न घडणं, त्यामुळे नेटवर्कसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. अशा अविभाज्य क्रियांमुळे संदेशांच्या आडव्यातिडव्या क्रमातल्या काही चुका दृष्टीआड होतात हे खरं. पण ही चूक दृष्टीआड होत नाही, आणि अवस्थांची संख्या कित्येक पटींनी घटते. सुटे संदेश दुसऱ्या मॉडेलमध्ये आणता येतात.

तपासायचा इन्व्हेरियंट: कमिट झालेली प्रत्येक नोंद त्यानंतरच्या प्रत्येक टर्मच्या लीडरच्या लॉगमध्ये त्याच जागी असली पाहिजे. 'एका टर्मला एकच लीडर' हा इन्व्हेरियंटही लिहावा, पण या प्रकरणात तो कुठेही मोडत नाही, कारण ख चं लीडरपद टर्म २ मधलं आणि क चं टर्म ३ मधलं. केवळ तेवढाच इन्व्हेरियंट तपासून 'स्प्लिट ब्रेन (एकाच वेळी दोन लीडर) होत नाही' असं मानणाऱ्याला हिरवा कंदील मिळतो आणि चूक आतच राहते.

आता मर्यादा. मॉडेल चेकर मर्यादित जगच तपासतो, तेव्हा त्या जगाचा आकार विचारपूर्वक ठरवावा लागतो. तीन सर्व्हरांचं मॉडेल घ्यायची सवय सर्रास आहे, कारण ते पटकन संपतं. वरच्या अंकगणितावरून दिसतं की फांद्या फुटण्याची ही चूक तीन सर्व्हरांत बसतच नाही. तिथे तपासणी स्वच्छ येईल आणि तिचा अर्थ शून्य असेल. टर्म दोनच ठेवल्या तरी तेच, कारण घ ने टर्म २ मधलं मत ख ला दिलेलं असतं आणि क ला टर्म ३ मध्येच उभं राहता येतं. किमान आकार असा: चार सर्व्हर, टर्म तीनपर्यंत, लॉगमध्ये मूळ यादीनंतर एक जागा, आणि सदस्यबदलाच्या दोन नोंदी.

पाचवा सर्व्हर लागतही नाही. दोन्ही बदल 'काढण्याचे' घेतले तर चौघांतच काम होतं, आणि सगळ्यात लहान विरोधी उदाहरण सात पायऱ्यांचं निघतं. क टर्म १ चा लीडर होतो. तो ख ला काढून 'क, ग, घ' ही यादी फक्त स्वतःच्या लॉगमध्ये टाकतो. ख हा ख, ग, घ यांच्या मतांवर टर्म २ चा लीडर होतो. तो क ला काढून 'ख, ग, घ' यादी टाकतो. ती ग कडे पोहोचते. ख ती कमिट ठरवतो. आणि सातव्या पायरीला क हा स्वतःच्या आणि घ च्या मतावर, तिघांपैकी दोन या बहुमताने, टर्म ३ चा लीडर होतो. कमिट झालेली नोंद त्याच्या लॉगमध्ये नाही, इन्व्हेरियंट मोडला. कुणी बंद पडून पुन्हा सुरू होण्याचीही गरज नाही, म्हणून रीस्टार्टची क्रिया पहिल्या मॉडेलमधून वगळली तरी चालते. टीएलसी हा चेकर रुंदीने शोध घेतो, त्यामुळे एकाच वर्करवर चालवल्यास हाती येतो तो सगळ्यात आखूड मार्ग. लांबलचक मार्ग वाचताना निम्म्या पायऱ्या निरर्थक असतात. इथे सातही पायऱ्या कामाच्या आहेत.

सर्व्हरांची नावं अदलाबदल करण्याजोगी आहेत असं सांगून सममितीचा फायदा घेता येतो, पण सुरुवातीच्या यादीत नसलेले सर्व्हर वेगळ्या गटात ठेवावेत. आणि 'शेवटी प्रगती होतेच' अशा प्रकारचे गुणधर्म तपासताना सममिती बंद करावी, तिच्यामुळे चुकीची उत्तरं येऊ शकतात.

दुरुस्ती

ओंगारो यांनी सुचवलेली दुरुस्ती एका ओळीची आहे: लीडरने आपल्या चालू टर्ममधली निदान एक नोंद कमिट केल्याशिवाय सदस्यबदलाची नोंद टाकायची नाही.

ही नोंद कुठून आणायची? नव्या लीडरने टर्मच्या सुरुवातीला एक रिकामी नोंद टाकावी, असं प्रबंधात वाचनाच्या विनंत्यांसाठी आधीपासूनच होतं. तेव्हा बहुतेक ठिकाणी फक्त एक तपासणी वाढवावी लागते.

आता पाचांचा घटनाक्रम पुन्हा चालवून पाहू. टर्म २ मध्ये ख लीडर झाला. क ला काढण्याआधी त्याला रिकामी नोंद मूळ यादीनुसार चारांपैकी तिघांवर पोहोचवावी लागेल. ख, ग आणि तिसरा घ. आता घ च्या लॉगची शेवटची नोंद टर्म २ ची. टर्म ३ मध्ये क मत मागायला आला की त्याची शेवटची नोंद टर्म १ ची दिसते, घ नकार देतो, आणि क दोन मतांवर अडकतो. घ ऐवजी फक्त क पोहोचण्याजोगा असेल तर रिकामी नोंद क च्या लॉगमध्ये दुसऱ्या जागी येते आणि वाढीव यादी तिथून पुसली जाते. आणि दोघांपैकी कुणीच पोहोचत नसेल तर ख सदस्यबदल करू शकत नाही, थांबतो. तेच बरोबर आहे. म्हणजे जुन्या यादीचं बहुमत नव्या टर्मच्या नोंदीने 'शिक्कामोर्तब' झालं की त्या यादीतून आधी फुटलेली अर्धवट फांदी पुन्हा कधी निवडून येऊ शकत नाही.

प्रत्यक्ष कोडमध्ये दोन जागा हमखास चुकतात. पहिली, तपासणी 'लीडर आहे का आणि अर्धवट बदल नाही ना' एवढीच ठेवली जाते. तिसरी अट हवी: कमिट सीमेवरच्या नोंदीची टर्म चालू टर्मइतकी आहे का. कमिट सीमा पुढे सरकली एवढं पाहून भागत नाही, त्या जागेवरच्या नोंदीची टर्म पाहायला हवी. दुसरी, लॉग कापला जातो तेव्हा लागू असलेली यादीही मागे न्यावी लागते. यादी मेमरीत वेगळी जपून ठेवणाऱ्या कोडमध्ये लॉगमधून नोंद जाते पण यादी तशीच राहते, आणि तो सर्व्हर अस्तित्वात नसलेल्या यादीनुसार मतं मोजू लागतो.

काही अंमलबजावण्या यादी लॉगमध्ये येताच लागू न करता ती कमिट होऊन अंमलात आल्यावर लागू करतात. एटसीडी या वितरित डेटासाठ्याचं राफ्ट ग्रंथालय असंच करतं आणि आपल्या दस्तऐवजात तो फरक नोंदवतं. तो वेगळा अल्गोरिदम आहे. त्याला इथलं विरोधी उदाहरण जसंच्या तसं लागू नाही आणि इथली दुरुस्तीही त्याची सिद्धता ठरत नाही. त्यासाठी 'लागू यादी' हे चल लॉगपासून वेगळं करून मॉडेल नव्याने लिहावं लागतं. वर जे टाळायला सांगितलं तेच इथे करावं लागतं, कारण इथे खुद्द कोडमध्येच ते वेगळं आहे.

दुरुस्तीची अट मॉडेलमध्ये घातल्यावर सातपायरी मार्ग नाहीसा झाला, तर तेवढ्यावर थांबू नका. अट एका स्थिरांकाच्या मागे ठेवा, म्हणजे ती चालू-बंद करता येईल. मॉडेलमध्ये पुढे जेव्हा जेव्हा बदल कराल, म्हणजे सुटे संदेश आणाल, रीस्टार्ट आणाल, लॉगची छाटणी आणाल, तेव्हा आधी अट बंद करून चालवा. चूक परत दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर तुमच्या बदलाने कुठली तरी क्रिया कधीच घडेनाशी केली आहे: एखादी पूर्वअट नको तितकी कडक झाली असेल, किंवा टर्मची मर्यादा अपुरी पडली असेल. टीएलसीच्या कव्हरेजच्या तक्त्यात अशी क्रिया शून्य वेळा घडलेली दिसते. ती सापडेपर्यंत अट चालू ठेवून मिळालेला स्वच्छ निकाल नोंदवू नका.